डार्टमूरवरची कांस्ययुगीन गोल घरं: ओळखायची कशी, मोजायची कशी

इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातलं डार्टमूर म्हणजे ग्रॅनाइटचं उघडंबोडकं पठार. ९५४ चौरस किलोमीटरच्या या राष्ट्रीय उद्यानात गोल दगडी घरांचे सुमारे पाच हजार अवशेष आहेत. तिथे त्यांना 'हट सर्कल' म्हणतात. बहुतेक घरं इ.स.पू. १७०० ते १००० या काळातली. छपरं केव्हाच कुजून गेली. उरलंय ते गडग्याचं कडं, कुठे कमरेएवढं, कुठे गवताच्या वर जेमतेम वीतभर. चुना-माती न वापरता नुसते दगड रचून बांधलेली भिंत तीन हजार वर्षांत ढासळते, पसरते, तिच्यावर पीट (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा काळा थर) आणि गवत चढतं. मग ती आणि शेजारचे नैसर्गिक धोंडे यांतला फरक करणं अवघड होऊन बसतं.

खालची पद्धत एकही दगड न हलवता घर शोधण्याची, ओळखण्याची आणि मोजून नोंदवण्याची आहे. दगडांचं कडं दिसलं म्हणजे घर सापडलं असं नव्हे, हे आधीच पक्कं करून घ्या. भिंतीची आतली बाजू, बाहेरची बाजू आणि दार या तिन्हींपैकी निदान दोन गोष्टी जागेवर बोट ठेवून दाखवता आल्या तरच वहीत 'घर' लिहायचं. नाहीतर 'कडं, प्रकार अनिश्चित' एवढंच.

निघण्याआधी

ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशासंस्थेचा १:२५,००० चा एक्सप्लोरर ओएल २८ हा नकाशा घ्या. त्यावर प्राचीन अवशेषांची नावं जुन्या वळणाच्या गॉथिक अक्षरांत छापलेली असतात. 'हट सर्कल', 'सेटलमेंट', 'केअर्न', 'फील्ड सिस्टिम' हे शब्द त्या अक्षरांत दिसले की तिथे खूण करा. नकाशावर सगळी घरं नसतात आणि असलेली सगळी बरोबर जागेवरही नसतात. एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर २५ मीटर, तेव्हा नकाशावरच्या एका ठिपक्यात अख्खं घर आरामात हरवतं.

त्यानंतर हेरिटेज गेटवे या संकेतस्थळावर त्या भागाच्या जुन्या नोंदी वाचा. कोणतं घर आधी मोजलंय, कोणाचं उत्खनन झालंय, हे तिथे कळतं. शेवटी लायडार, म्हणजे विमानातून लेझर किरणांनी केलेली जमिनीच्या उंचीची मोजणी, बघा. एन्व्हायर्नमेंट एजन्सीची एक मीटर रेझोल्यूशनची लायडार चित्रं फुकट मिळतात. सहा मीटरचं घर त्यात बांगडीसारखं उठून दिसतं. चार मीटरच्या खालचं मात्र बहुधा सुटतं, कारण अख्ख्या घराच्या वाट्याला मोजकेच चौकोन येतात. ही चित्रं संगणकावर बनवताना कृत्रिम प्रकाशाची दिशा एकच ठेवली तर प्रकाशाला समांतर जाणारी भिंत गायब होते. म्हणून निदान दोन दिशांची, एकमेकींना काटकोनात असलेली चित्रं काढून ताडून पाहा.

ऋतू चुकला तर फेरी फुकट जाते. जूनपासून ब्रॅकन नावाचा नेचा छातीपर्यंत वाढतो आणि घरांच्या वस्त्याच्या वस्त्या झाकून टाकतो. हा नेचा निचऱ्याच्या, थोड्या खोल मातीवर जोमाने येतो, आणि जुनी माणसंही अशाच जागा निवडत होती. तो हिवाळ्यात मोडून पडतो, पण तांबूस थर भिंतीवर तसाच राहतो. तो दबून बसलेला असतो आणि नवे कोंब आलेले नसतात ते दिवस सगळ्यात चांगले, म्हणजे फेब्रुवारी-अखेर ते एप्रिल. नुसत्या उंचसखल खुणा शोधायच्या असतील तर डिसेंबरही उत्तम. तेव्हा तिथे भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून १६ अंशांच्या आसपासच असतो, त्यामुळे दिवसभर लांब सावल्या मिळतात. दिवस मात्र आठ तासांचाच असतो, आणि धुकं तासाभरात दहा पावलांवरचं दिसेनासं करतं.

पठाराच्या उत्तरेकडच्या भागात ओकहॅम्प्टन, विल्सवर्दी आणि मेरिव्हेल अशी लष्कराची तीन गोळीबार क्षेत्रं आहेत. हद्दीवर लाल-पांढरे खांब असतात. गोळीबार असेल तेव्हा उंच माथ्यांवर दिवसा लाल झेंडे आणि रात्री लाल दिवे लावलेले असतात. वेळापत्रक आधी जाहीर होतं, ते पाहूनच दिवस ठरवा. तिथे पडलेल्या कुठल्याही धातूच्या वस्तूला हात लावू नका.

सामान फार लागत नाही. ३० मीटरची फायबरग्लासची टेप, ५ मीटरची छोटी टेप, होकायंत्र, एक आणि दोन मीटरचे लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे दांडे, ओळंबा, पावसात न भिजणारी ड्रॉइंग फिल्म, ६एच पेन्सिल आणि वाळूच्या चार लहान पिशव्या. पोलादी टेप नको, ती होकायंत्राला फसवते. मऊ पेन्सिलीचं शिसं ओल्या फिल्मवर फासतं, म्हणून कडक पेन्सिल. वाळूच्या पिशव्या खुंट्यांऐवजी. टेपचं टोक दाबून ठेवायला त्या पुरतात आणि जमिनीत काही ठोकावं लागत नाही.

पसाऱ्यात भिंत शोधणं

डार्टमूरच्या घराची भिंत साधारण एक ते दोन मीटर जाड असते. आतल्या आणि बाहेरच्या बाजूला मोठे दगड, मधल्या पोकळीत चिपा आणि माती. आतल्या बाजूला बऱ्याचदा सपाट शिळा कडेवर उभ्या केलेल्या असतात. भिंत ढासळते तेव्हा वरचे दगड दोन्हीकडे घरंगळतात, पण तळातले दगड बहुतेक वेळा जागचे हलत नाहीत. आपल्याला हेच दगड हवे असतात.

कड्याभोवती आधी बाहेरून एक पूर्ण फेरी मारा, मग आतून. लगेच टेप काढू नका. प्रत्येक मोठ्या दगडाकडे बघून तीन गोष्टी तपासा. तो कडेवर उभा आहे का? त्याची लांब बाजू कड्याच्या परिघाला धरून आहे का? शेजारच्या दगडाची आतली कड त्याच्याच रेषेत येते का? तिन्हींचं उत्तर 'हो' असेल तर दगड जागचा आहे. तिरका पडलेला, परिघाला आडवा किंवा दुसऱ्या दगडावर रेललेला असेल तर तो पडलेला धरा. दगड हलतो का हे हाताने डुलवून बघायचं नाही. तसं केल्याने खालच्या चिपा सुटतात, आणि पुढच्या माणसासाठी तो दगड कायमचा 'पडलेला' होतो.

इथे सगळ्यात जास्त फसवतं ते क्लिटर. टॉर म्हणजे माथ्यावरचे उघडे कातळ. त्यांच्याखाली उतारावर सुटलेल्या धोंड्यांची जी पखरण असते ती क्लिटर. हिमयुगात गोठण्या-वितळण्याने सुटून हे धोंडे खाली सरकले. त्यांत अधूनमधून आपोआप गोल पोकळ्या तयार होतात आणि पहिल्या नजरेला हुबेहूब घर वाटतं. फरक दगडांच्या दिशेत असतो. क्लिटरमधल्या लांबट धोंड्यांचा कल बहुतेक उताराच्या दिशेने असतो, भिंतीतल्या दगडांचा परिघाच्या दिशेने. दहा-बारा मोठे दगड घ्या आणि प्रत्येकाची दिशा होकायंत्राने टिपा. सगळे एकाच दिशेला झुकले असतील तर ते निसर्गाचं काम. ज्यांनी घरं बांधली त्यांनीही क्लिटरच्या कडेलाच बांधली, कारण दगड वाहून आणावे लागत नव्हते. त्यामुळे हे दोन्ही शेजारी-शेजारी सापडतात आणि घाईत घेतलेला निर्णय हमखास चुकतो.

उतारावरच्या घरात आणखी एक भानगड आहे. बांधणाऱ्यांनी वरच्या अंगाला जमीन थोडी कापली आणि खालच्या अंगाला भर घालून पृष्ठभाग सपाट केला. पुढे पावसाने वरची माती वाहून येऊन वरच्या बाजूची भिंत पाठीमागून बुडवली, आणि खालच्या बाजूची भिंत उतारावर कोसळून पंख्यासारखी पसरली. म्हणून वरच्या अंगाला बाहेरची बाजू दिसतच नाही, नुसती आत उतरणारी पायरी दिसते. खालच्या अंगाला आतली बाजू ठीक असते पण बाहेरची हरवलेली असते. अशा घराचा व्यास उताराला आडवा मोजलेला जास्त भरवशाचा.

दार

भिंतीतली प्रत्येक फट म्हणजे दार नव्हे. मेंढ्या आत-बाहेर करून फट पाडतात, गायी आडोशाला उभ्या राहून दगड ढकलतात, आणि अठराव्या-एकोणिसाव्या शतकात माळ कुंपणात घेताना गडगे बांधायला या घरांचे दगड सर्रास उचलून नेले गेले. खऱ्या दाराला दोन उभे दगड असतात, भिंतीच्या जाडीत आडवे रोवलेले. बाकीच्या भिंतीत दगड परिघाला धरून आणि इथे मात्र परिघाला काटकोनात, हा बदल डोळ्यात भरतो. त्यांच्यामधलं अंतर साधारण ६० ते ९० सेंटिमीटर. मध्ये उंबरठ्याचा सपाट दगड असेल आणि बाहेर थोडी फरसबंदी असेल तर शंकेला जागा उरत नाही.

दिशा हा दुसरा पुरावा. बहुसंख्य दारं आग्नेय ते दक्षिण या पट्ट्यात उघडतात. डार्टमूरवर वारा आणि पाऊस मुख्यतः नैर्ऋत्येकडून येतो, तेव्हा आग्नेयेकडचं दार वाऱ्याला पाठ देतं आणि सकाळचा उजेडही घेतं. या अक्षांशावर डिसेंबरच्या लहानात लहान दिवशी सूर्य सुमारे १२८ अंशांवर, म्हणजे आग्नेयेलाच उगवतो. यावरून दारं सूर्योदयाकडे मुद्दाम केली असं मानणारेही आहेत. आमच्या मते एखाद-दुसऱ्या घरावरून असा निष्कर्ष काढू नये. अंश टिपावा आणि पुढे जावं. फट ईशान्येला किंवा चढाच्या बाजूला उघडत असेल तर मात्र तिच्याकडे संशयानेच पाहा. काही घरांना दारापुढे वळणदार किंवा काटकोनात वळलेली आडोशाची भिंत असते. तिची सुरुवात मुख्य भिंतीतून निघते की नुसतीच टेकलेली आहे हे बघा, कारण नंतरच्या गुराख्यांनीही असे आडोसे जोडले आहेत.

हे सगळं नीट शिकायला ग्रिमस्पाउंड ही जागा चांगली. हुकनी टॉर आणि हॅमलडाउन यांच्यामधल्या खिंडीत, समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटरवर, एका जाड दगडी कुंपणाच्या आत २४ घरं आहेत. कुंपणाचा व्यास दीडशे मीटरच्या घरात, आणि त्याचं फरसबंद मोठं प्रवेशद्वार आग्नेयेला, चढाच्या दिशेने आहे. आधी हुकनी टॉरवर चढून वरून आराखडा पाहून घ्या, मग खाली उतरा. पण तिथलं सगळंच जसंच्या तसं धरू नका. १८९४ मध्ये सॅबाइन बेअरिंग-गूल्ड, रॉबर्ट बर्नार्ड आणि डार्टमूर एक्सप्लोरेशन कमिटीच्या मंडळींनी तिथे उत्खनन केलं आणि नंतर काही भाग पुन्हा उभारला. तीन क्रमांकाचं घर, आडोशाच्या भिंतीसकट, जे आज सगळ्यात 'व्यवस्थित' दिसतं, ते त्या डागडुजीमुळे. दार आणि आडोसा कसा असावा याचा अंदाज घ्यायला ते चांगलं आहे, भिंतीची मूळ उंची मोजायला नाही. इथे नाहीतर दुसरीकडे, आतली जमीन अनैसर्गिक सपाट आणि खोलगट, शिवाय दाराबाहेर मातीचा ढिगारा असेल, तर जुन्या काळी कोणीतरी खणलेलं घर समजा आणि तशी नोंद करा.

घरासारखं दिसणारं, पण घर नसलेलं

थडग्यावरच्या दगडांच्या राशीला केअर्न म्हणतात. खजिन्याच्या आशेने लोकांनी त्या राशी मधून उकरल्या, त्यामुळे आज त्या खळगा असलेल्या कड्यासारख्या दिसतात. खळगा सहसा नेमका मध्यावर नसतो, कडेला आतली-बाहेरची बाजू नसते, दगड लहान आणि सरमिसळ असतात, आणि जागा बहुतेक वेळा माथ्यावर किंवा धारेवर असते. घर असतं उतारावर, पाण्यापासून फार लांब नाही. मध्ये शिळांची चौकोनी पेटी दिसली तर प्रश्नच मिटला, ते दफन.

कोपरे दिसले तर कांस्ययुग विसरा. कथिल काढणाऱ्यांच्या खोपट्या आणि मध्ययुगीन लांबट घरं चौकोनी असतात. खोपट्या ओढ्याकाठी, खणून टाकलेल्या मातीच्या लांब ढिगांशेजारी सापडतात. लांबट उशीसारखे, कडेने चर असलेले मातीचे उंचवटे सशांच्या पैदाशीसाठी केलेले. तोफगोळ्यांचे खळगे गोल असले तरी त्यांच्या काठाला नुसती माती असते. सैनिकांनी रचलेले दगडी आडोसे एक-दोन मीटरचे आणि दगडांवर शेवाळ-दगडफूल अर्धवट; एका दगडाची हिरवट-करडी बाजू आत आणि कोरी बाजू बाहेर असेल तर तो अलीकडेच हलवलाय.

दगड फोडल्याच्या खुणाही कामाच्या आहेत. ग्रॅनाइटच्या कडेला गोल छिद्रांच्या अर्ध्या नळ्या ओळीने दिसल्या तर तो दगड साधारण १८०० नंतर फोडलेला. त्याआधी लांबट खाचा पाडून त्यांत पाचरी ठोकत. घराच्या भिंतीतल्या शिळेवर अशी खूण असेल तर दगड चोरीला कधी गेला याचा अंदाज येतो. मेरिव्हेलला तर एका घराच्या कड्यातच सफरचंदं चिरडायच्या चक्कीचा गोल दगड अर्धवट घडवून टाकून दिलेला आहे. बी ३३५७ रस्त्याच्या कडेलाच ही वस्ती असल्याने नवख्यांनी एकाच जागी दोन काळ बघायला ती सोयीची.

मोजणी

उंच गवत असेल तर पायाने चाचपू नका, दांड्याच्या टोकाने हळूच गवत बाजूला सारा. जागचे दगड ठरले की त्यांच्यापाशी सुतळीचा तुकडा किंवा रंगीत कापड ठेवा. खडूने किंवा रंगाने खुणा करायच्या नाहीत.

१. आतला व्यास चार दिशांनी घ्या: उत्तर-दक्षिण, पूर्व-पश्चिम आणि दोन तिरके. आतल्या बाजूपासून आतल्या बाजूपर्यंत, जागच्या दगडांच्या पायथ्याशी. घरंगळलेल्या दगडांपासून मोजलं तर आतला व्यास हमखास कमी आणि बाहेरचा जास्त येतो. जुन्या नोंदींत ही चूक फार दिसते. सरासरीबरोबर चारही आकडे लिहा. त्यांत अर्ध्या मीटरहून जास्त फरक असेल तर घर लंबगोल आहे किंवा एखादा दगड तुम्ही चुकीचा धरलाय.

२. टेप आडवी धरा. दहा अंशांच्या उतारावर जमिनीलगत मोजलेले ६ मीटर प्रत्यक्षात ५.९१ मीटर असतात, पंधरा अंशांवर ५.८०. खालच्या टोकाला टेप उचलून ओळंबा सोडला की हा घोळ होत नाही.

३. भिंतीची जाडी निदान तीन ठिकाणी, जिथे दोन्ही बाजू दिसतात तिथेच. दिसत नसेल तिथे रिकामी जागा सोडा. पसाऱ्याची रुंदी वेगळ्या रकान्यात.

४. उंची आतून आणि बाहेरून वेगवेगळी, जास्तीत जास्त किती ते. ही आजच्या जमिनीपासूनची उंची आहे. मूळ जमीन पीटखाली आणखी खाली असू शकते.

५. दाराची रुंदी, आणि केंद्रातून दाराच्या मध्याकडे बघून दिशा अंशांत. होकायंत्र धरताना दांडा आणि फोन दूर ठेवा. सध्या डेव्हनमध्ये चुंबकीय उत्तर आणि नकाशाची उत्तर यांत एक-दीड अंशाचाच फरक आहे, आणि हातातल्या होकायंत्राची चूक त्याहून मोठी असते. तेव्हा जवळच्या पाच अंशांपर्यंत लिहिलं तरी चालतं.

अर्धं कडंच शिल्लक असेल तर जीवा-उंचीची रीत वापरा. वक्रावरच्या दोन जागच्या दगडांमध्ये टेप ताणा, ही जीवा. तिच्या मध्यापासून काटकोनात वक्रापर्यंतचं अंतर घ्या, ही उंची. जीवेचा वर्ग भागिले उंचीच्या आठपट, अधिक उंचीचा निम्मा भाग, म्हणजे त्रिज्या. जीवा ४ मीटर आणि उंची ०.८० मीटर असेल तर त्रिज्या २.९०, व्यास ५.८० मीटर. उंची मोजण्यात दहा सेंटिमीटरची चूक होऊन ०.७० आली, तर व्यास ६.४१ निघतो. म्हणून जीवा जमेल तितकी लांब घ्या आणि दोन वेगळ्या जीवांवर हिशेब करून ताळा पाहा.

आराखडा १:५० ला काढा. सहा मीटरचा आतला भाग १२ सेंटिमीटरचा होतो आणि भिंतीसकट घर ए४ कागदावर बसतं. दाराच्या मध्यापासून केंद्रातून समोरच्या भिंतीपर्यंत टेप पसरा आणि टोकं वाळूच्या पिशव्यांनी दाबा. या मूळ रेषेपासून दर ५० सेंटिमीटरला छोट्या टेपने काटकोनात अंतरं घेऊन दगडांचे कोपरे बसवा. काटकोन डोळ्याने धरू नका: शंका आली की ३-४-५ चा त्रिकोण करा. जागचे दगड जाड रेषेने, पडलेले बारीक रेषेने. एवढा एकच भेद नीट पाळला तरी आराखडा पुढे पन्नास वर्षांनीही वापरता येतो. दोघं असाल तर एका घराला दोन-अडीच तास धरा, एकट्याने दुपटीहून जास्त.

फोटोंसाठी दोन वेगवेगळं हवामान लागतं. उंचसखलपणा दाखवायचा तर तिरपं ऊन, शेजारी मीटरचा दांडा, एक फोटो चढावरून आणि एक दारातून. फोनने त्रिमिती मॉडेल करायचं असेल तर ढगाळ दिवस निवडा, कारण कडक सावल्या फोटोगणिक सरकतात आणि मॉडेलमध्ये भगदाडं पडतात. दोन वेगळ्या उंचीवरून दोन फेऱ्या, शेजारच्या फोटोंत निदान ७० टक्के भाग सामाईक, सहा मीटरच्या घराला ६० ते १०० फोटो. वारा असेल तर नाद सोडा. हलणारं गवत सॉफ्टवेअरला जुळवता येत नाही.

आकड्यांतून काय काढता येतं

आतला व्यास ६ मीटर म्हणजे राहायला सुमारे २८ चौरस मीटर जागा. तीन-चार मीटरचं घर राहण्यापेक्षा साठवणीचं किंवा जनावरांचं असण्याची शक्यता जास्त, पण फक्त मापावरून ते ठरत नाही.

दगडांचा हिशेब जास्त बोलका असतो. आतला व्यास ६ मीटर, भिंत १.२ मीटर जाड आणि १ मीटर उंच धरली तर भिंतीचा मधला परिघ सुमारे २२.६ मीटर. दाराचे ०.८ वजा करता २१.८. भिंतीचं आकारमान २६ घनमीटर. त्यातला तीस टक्के भाग पोकळी आणि माती मानला आणि ग्रॅनाइटची घनता २.६५ घेतली तर ४८ टनांच्या आसपास दगड. आता आज दिसणारा पसारा मोजा. रुंदी २.४ मीटर आणि उंची अर्धा मीटर असलेला त्रिकोणी काप म्हणजे ०.६ चौरस मीटर, गुणिले परिघ, सुमारे १३ घनमीटर. एवढ्या मालात तीच भिंत अर्धा मीटरच उभी राहते. म्हणजे एकतर दगड नेले गेले, किंवा वरचा भाग मुळातच गवती मातीच्या चौकोनांचा होता. जवळच कुंपणाचा नवा गडगा असेल तर पहिली शक्यता, चार मैल काहीच नसेल तर दुसरी.

छपराचं माप असंच काढता येतं. शंकूच्या आकाराचं, बारीक लाकडांच्या वाशांवर लव्हाळा, हेदर नावाचं माळावरचं झुडूप किंवा गवती माती घातलेलं छप्पर होतं असं मानलं जातं. पाणी वाहून जायला शाकारलेल्या छपराला ४५ अंशांच्या आसपास उतार लागतो. वासे भिंतीच्या मध्यावर टेकले तर त्रिज्या ३.६ मीटर, म्हणून एक वासा ५.१ मीटर, वळचणीसकट साडेपाच-सहा. माथा जमिनीपासून ४.६ मीटर. मोठ्या घरात आतून खांबांचं कडंही असायचं. खांबांचे खड्डे वरून दिसत नाहीत, ते फक्त उत्खननात सापडतात. शॉ मूरवर जेफ्री वेनराइट यांच्या उत्खननात तर काही दगडी घरांच्या जागी आधी लाकडी घरं होती असं आढळलं. माथ्याला धुराचं भोक मात्र आराखड्यात दाखवू नका. हॅम्पशरमधल्या बटसर प्राचीन शेतावरच्या प्रयोगांत दिसलं की भोकाने चुलीचा ओढा वाढतो आणि ठिणग्या छपरात जातात. भोक नसलं की धूर वरच साठून शाकारणीतून झिरपतो.

आत उभं राहून आणखी काय दिसतं? एका अंगाला कडेचे दगड लावून उंच केलेला ओटा, आणि क्वचित मध्ये चुलीचा सपाट दगड. जमीन म्हणजे बहुतेक वेळा कुजलेल्या ग्रॅनाइटचा मुरूमच, वेगळी घातलेली नाही. जुन्या उत्खननांत चुलीजवळ खड्ड्यात बसवलेली मडकी आणि तापवून पाण्यात टाकायचे गोटे मिळाले. हाडं जवळजवळ कधीच मिळत नाहीत, ही माती इतकी आम्ल आहे की ती विरून जातात.

घराच्या भिंतीतून एखादा लांब, बुटका बांध निघतोय का तेही जरूर पाहा. डार्टमूरवर मैलोनमैल जाणारे समांतर बांध आहेत, तिथे त्यांना रीव्ह म्हणतात. १९७० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ अँड्र्यू फ्लेमिंग यांच्या कामामुळे ते कांस्ययुगातल्या शेतांच्या हद्दी आहेत हे स्पष्ट झालं. बांध घराच्या भिंतीला येऊन टेकतो, की भिंतीखालून जातो, यावरून कोण आधीचं हे ठरतं. हा सांधा दिसला तर त्याचा वेगळा फोटो आणि १:२० चा आराखडा काढा. घराच्या व्यासापेक्षा ही माहिती मोलाची.

कायदा आणि काळजी

डार्टमूरवर हजाराहून जास्त स्मारकं कायद्याने संरक्षित आहेत. १९७९ च्या प्राचीन स्मारक कायद्याखाली त्यांना इजा करणं गुन्हा आहे आणि परवानगीशिवाय मेटल डिटेक्टर वापरणंही. तुमचं घर यादीत नसलं तरी वागायचं तसंच. १९८५ च्या डार्टमूर कॉमन्स कायद्याने तिथल्या सामाईक माळावर पायी फिरण्याचा हक्क दिला, आणि २०२५ च्या मे महिन्यात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यात तंबू टाकून राहणंही येतं असं सांगितलं. घराचं कडं सपाट, कोरडं आणि वाऱ्याआड असल्यामुळे तंबूवाल्यांना ते नेमकं भुलवतं. खुंटी जाते ती थेट तीन हजार वर्षांपूर्वीच्या जमिनीत, आणि शेकोटीने त्या थरातला जुना कोळसा आणि नवा कोळसा एक होतो. मग त्या घराचं कार्बन कालमापन कायमचं बिघडतं.

चिखलात किंवा मोल या बिळं खणणाऱ्या प्राण्याने काढलेल्या मातीच्या ढिगावर गारगोटीचा घडवलेला तुकडा दिसला तर जागेवरच फोटो काढा, जागा टिपा, तुकडा तिथेच ठेवा. परतल्यावर पाय आणि कमर तपासा. ब्रॅकनमध्ये गोचिडी असतात आणि त्यांच्यापासून लाइम रोग होतो.

नोंद पाठवताना

जागेचा संदर्भ ब्रिटिश नकाशांच्या चौकोनी जाळीतल्या 'एसएक्स' या चौकोनाच्या अक्षरांपुढे आठ अंकी द्या, म्हणजे दहा मीटरपर्यंत. फोन दहा अंक दाखवतो म्हणून ते लिहू नका. पाच मीटर इकडेतिकडे होणाऱ्या यंत्राकडून मीटरची अचूकता मिळत नाही. घरं खेटून असतील तर त्यांच्यामधली अंतरं टेपने मोजून १:१०० चा वेगळा आराखडा जोडा, नाहीतर दोन घरं नोंदवहीत एक होतात आणि एक घर दोन होतं.

पाहिलेलं आणि समजलेलं यांचे दोन वेगळे परिच्छेद करा. 'आग्नेयेला ०.७५ मीटरची फट, दोन्ही कडांना परिघाला काटकोनात उभे दगड' हे पहिल्यात. 'दार' हा शब्द दुसऱ्यात. शेवटी घराची आजची अवस्था: नेच्याचं प्रमाण, सशांची बिळं, गुरांनी उघडी पाडलेली माती, हलवलेले दगड, राख. हे सगळं राष्ट्रीय उद्यान प्राधिकरणाच्या पुरातत्त्व विभागाकडे, हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट रेकॉर्ड या प्राचीन अवशेषांच्या नोंदसंग्रहासाठी पाठवा. आधीची नोंद असेल तर तिचा क्रमांक वर लिहा, आणि तुमचे आकडे तिच्याशी जुळत नसतील तर कोणत्या दगडापासून कोणत्या दगडापर्यंत मोजलं ते आराखड्यावर बाणाने दाखवा.